घड कापा, खोड राखा

"आक्का, खोड काढून टाका आणि त्या जागी दुसरं काहीतरी पेरा. गेममध्ये केळीला पील फुटत नाही."

हे टाइप करून मी पाठवलं तेव्हा बुधवारचे साडेदहा वाजले होते. त्या सकाळचं हे माझं अकरावं एकसारखं उत्तर. आमच्या धंद्यात त्याला मॅक्रो म्हणतात. मॅक्रो म्हणजे आधीच लिहून ठेवलेलं उत्तर. तक्रार आली की नुसतं बटण दाबायचं, वर तक्रारदाराचं नाव आपोआप बसतं, खाली "आपला दिवस शुभ जावो" आपोआप बसतं. माणसाने काय विचारलं ते नीट वाचलं नाही तरी चालतं. कंपनीला तर तेच हवं असतं. एका तिकिटाला सात मिनिटं. तिकीट म्हणजे एक तक्रार. आठव्या मिनिटाला स्क्रीनवर लाल पट्टी येते.

मी ऑनलाइन शेतीच्या गेमची सपोर्ट एजंट आहे. गेम पुण्यात बनतो. तक्रारी धुळ्यात ऐकल्या जातात, कारण धुळ्यात आम्ही स्वस्त पडतो आणि आम्हाला खेड्यातलं बोलणं कळतं. हायवेलगत ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचं दुकान आहे. त्याच्या वरच्या मजल्यावर आम्ही नऊ जण हेडफोन लावून बसतो. खाली खरे ट्रॅक्टर दुरुस्तीला येतात, वर आम्ही लोकांना "ट्रॅक्टर अपग्रेड करण्यासाठी लेव्हल बारा पूर्ण करा" असं सांगतो.

अकराही तक्रारी एकच होत्या. केळी कापली, आता खोडाला पील का फुटत नाही?

केळी न पाहिलेल्यांसाठी सांगते. केळीचं झाड एकदाच घड देतं. पण घड कापेपर्यंत बुंध्याशी कोंब आलेले असतात. त्या कोंबाला पील म्हणतात. त्यातलं एक चांगलं राखलं की तेच पुढचा घड देतं. अशा बागेला पीलबाग म्हणतात. जुनं खोड लगेच उपटत नाहीत, त्यातला रस पिलाला मिळतो. रावेर-यावलकडच्या लहान पोरालाही हे माहीत असतं. मला माहीत नव्हतं. मी शिंदखेड्याकडची, कोरडवाहू. आमच्याकडे कापूस, बाजरी, भुईमूग. केळी आम्ही डझनाने ओळखतो.

तीन मिनिटांत उत्तर आलं. खाली नाव होतं, इंदूआक्का.

"पोरी, खोड काढ म्हनते? अन् हे तूच तं लिहेल हाये ना?"

सोबत स्क्रीनशॉट. गेममध्ये प्रत्येक पिकावर बोट ठेवलं की माहितीचा एक छोटा डबा उघडतो. केळीच्या डब्यात लिहिलं होतं: "घड कापा, खोड राखा. पील देईल पुढचा घड."

मी स्क्रीनशॉट मोठा करून पाहिला. ओळ माझीच होती.

इथे थोडं मागचं सांगावं लागेल. या नोकरीआधी तीन वर्षं मी बियाणांच्या मोहिमेत होते. बोगस बियाणं विकणाऱ्यांविरुद्ध आम्ही पत्रकं काढायचो. लिहायचे मी. पारोळ्याच्या बाजारात, भडगावच्या स्टँडवर उभं राहून वाटायचेही मीच. "पावती घ्या, पिशवी राखा, लॉट नंबर लिहून ठेवा." अशा ओळी पाडण्यात माझा हात बसला होता. छोटी वाक्यं, हुकूम, ठेका. लोक पत्रक घ्यायचे, उलटं करून मागची बाजू कोरी आहे का बघायचे आणि खिशात घालायचे. पारोळ्याच्या बाजारात माझ्याच पत्रकात बांधलेली भजी मी खाल्ली आहेत. आंदोलन, निवेदन, तहसीलची पायरी, सगळं केलं. शेवटी संघटनेत दोन गट झाले आणि दोन्ही गटांना पत्रकाचा छपाईखर्च जड वाटू लागला. मी थकले. नोकरी धरली.

नोकरी लागल्यावर पहिलं काम मिळालं ते हे माहितीचे डबे मराठीत लिहिण्याचं. गेमच्या भाषेत त्याला फ्लेवर टेक्स्ट म्हणतात. म्हणजे चवीपुरता मजकूर. त्याचा खेळाच्या नियमांशी काही संबंध नसतो. हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी रावेरकडच्या मैत्रिणीच्या काकांना फोन केला, केळीची माहिती घेतली आणि जुन्या हाताने ओळ पाडली.

ओळ खरी होती. गेममध्ये खोटी होती. गेममध्ये केळी कापली की खोडाचं चित्र उरतं, ते बोटाने काढून टाकायचं असतं, तेव्हा चौकोन मोकळा होतो. नाही काढलं तर खोड तसंच राहतं. कायमचं.

मी आक्कांच्या गटाची जमीन उघडून पाहिली. सपोर्टला तेवढा अधिकार असतो.

गटाचं नाव होतं 'माहेर'. अकराही तक्रारी याच गटातल्या. एकोणीस बायका. प्रत्येकीला नऊ चौकोन. स्क्रीनभर खोडंच खोडं. शंभराच्या वर चौकोन नुसते अडून बसलेले. एका बाजूला नऊ चौकोनांत दादर उभी होती. दादर म्हणजे आमच्याकडची रब्बी ज्वारी. कणसं पिकून पिवळी झालेली, कोणी कापलेली नाही.

आणि वर लाल अक्षरांत: सीझन संपायला चार दिवस.

सीझनचा नियम असा. दर तीन महिन्यांनी गटांची यादी लागते. कापलेल्या पिकांचे पॉइंट मोजतात. ठरलेल्या रेषेच्या खाली राहिलेला गट बरखास्त होतो आणि त्याची सामाईक जमीन पुसली जाते. विहीर, झाडं, कुंपण, सगळं. परत मिळत नाही. 'माहेर' रेषेच्या त्रेसष्ट हजार पॉइंट खाली होतं.

तिकीट बंद करायचं सोडून मी फोन लावला. कॉलबॅक करायची परवानगी असते, करत कोणी नाही.

"आक्का, मी गेमच्या ऑफिसातून बोलतेय. खोडावाली."

"तू कोनाची पोरगी?"

हा प्रश्न खानदेशात आधी येतो. मी गाव सांगितलं, आडनाव सांगितलं.

"मंग बरोबर हाये. कोरडवाहूवाली तू. केयीचं तुले काय कयनार." केयी म्हणजे केळी. "पन लिहेल तं बरोबर होतं व. आमी सगयीनी खोडं राखली."

"तेच चुकलं आक्का. म्हणजे तुमचं नाही, माझं चुकलं. गेममध्ये पील नाही."

"केयी हाये अन् पील नाही? असं कसं रे देवा. मंग ती केयी कसली?"

या प्रश्नाला कंपनीकडे मॅक्रो नव्हता.

मी त्यांना रविवारचं सांगितलं. संध्याकाळी सहाला सीझन संपेल, गट रेषेखाली असेल तर जमीन जाईल. त्या म्हणाल्या, "म्हंजे गल्ली जाईन?"

तेव्हा मला कळलं की ती जमीन म्हणजे काय होतं. या एकोणीस जणी एका गावच्या, एका गल्लीतल्या पोरी. कोणी पारोळ्याला दिली, कोणी भडगावला, कोणी धुळ्याला, एक सुरतेला. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सगळ्या माहेरी यायच्या, झोके बांधायच्या. मग कोणाचे आईबाप गेले, कोणाच्या भावाने घर विकलं, कोणाला सुट्टी मिळेना. दोन वर्षांपूर्वी आक्कांच्या सुनेने फोनमध्ये हा गेम घालून दिला. आक्कांनी एकेकीला गोळा केलं. चौकोन घेतले तेही गल्लीतल्या घरांच्या क्रमाने. विहीर जिथे होती तिथे विहीर, निंब जिथे होता तिथे निंब. दुपारी जेवणं उरकली की जी ती येऊन आपल्या 'घरासमोर' दोन मिनिटं उभी राहायची. गेम कंपनीला वाटत होतं या बायका शेती करतायत.

"आक्का, काढू आपण यातून. पण आधी ती दादर कापा. नऊ चौकोन फुकट उभे आहेत, कोणाचे आहेत ते?"

"ते राहू दे."

"अहो, पिकलेलं आहे. नुसतं बोट लावायचंय."

"राहू दे म्हनते ना!" फोन ठेवला.

मी बॉसला कॉल केला. निखिल सर, गेम डिझायनर, पुण्यात बसतात. सभ्य माणूस आहे. शेतीशी संबंध विचाराल तर बाल्कनीत पुदिना आहे.

"सर, केळीच्या माहितीत चुकीची ओळ आहे. त्यामुळे एका गटाचं नुकसान झालंय. त्यांना पॉइंट भरून द्या."

"ती फ्लेवर टेक्स्ट आहे गं. ते कोणी वाचत नाही."

"अकरा तिकिटं आलीयत."

"मग ओळ बदल. आजच्या आज."

"बदलते. पॉइंटचं काय?"

"पॉइंट हाताने देता येत नाहीत. एका गटाला दिले की उद्या शंभर गट मागतील."

"मग पील फुटू द्या ना. खऱ्या केळीला फुटतं."

सर हसले. "एकदा लावून तीनदा पीक? मग सगळे केळीच लावतील. बॅलन्स जाईल." बॅलन्स म्हणजे कोणतंच पीक इतरांपेक्षा फार फायद्याचं होऊ नये याची काळजी. "आयडिया चांगली आहे, लिहून पाठव. पुढच्या एखाद्या अपडेटमध्ये बघू."

"रविवारच्या आत?"

"तू जरा पर्सनली घेतेयस."

घेतेच. तीन वर्षं खरं लिहून वाटलं, कोणी ऐकलं नाही. इथे चवीपुरत्या दोन ओळी लिहिल्या, त्या बायकांनी अक्षरशः पाळल्या. आयुष्यात पहिल्यांदा माझं पत्रक कोणी मानलं आणि त्यातच त्या बुडत होत्या. हे पर्सनली नाही घ्यायचं तर काय घ्यायचं?

ओळ मी बदलली. "कापणीनंतर खोड काढून टाकावे." शेतीबद्दल आजवर लिहिलेलं माझं हे पहिलं खोटं वाक्य. ते लगेच मंजूर झालं.

मग कामाला लागले. कोणतं पीक लावावं, हा प्रश्न आम्हाला रोज येतो. त्याचं एक कोष्टक आहे, तेही मीच बनवलंय. पीक, पिकायला लागणारा वेळ, पॉइंट, आणि शेवटच्या रकान्यात ताशी पॉइंट. त्यात मुळा पहिला. दोन मिनिटांत येतो, एक पॉइंट देतो. बाजरी चार तास, चाळीस पॉइंट. कापूस आठ तास, साठ. केळी दोन दिवस, दोनशे. दादर तीन दिवस, दोनशे चाळीस, म्हणजे ताशी हिशेबात सगळ्यात खाली. कोष्टक पाहून शहरातली पोरं मुळा लावतात आणि वर्गात बाकाखाली बोट आपटत बसतात.

संध्याकाळी आक्कांचा पुन्हा फोन आला. स्पीकर चालू होता. पारोळ्याची मंगला, त्यांची चुलतबहीण, दुसऱ्या फोनवरून जोडलेली.

"सांग मंग, काय लावू?"

"कोष्टकात मुळा पहिला आहे."

"मुया? केयीच्या मयात मुया? व मंगले, ऐकतं का, ही पोरगी आपल्याले मुया लावाले सांगते. बागायतदाराच्या लेकी आपन!"

मंगला सासरच्या अहिराणीत म्हणाली, "लाव व आक्का. मुयानी काय इज्जत जास? गाव थोडं देखाले ई राहिनं." म्हणजे, गाव थोडंच बघायला येतंय.

पण मुळा नकोच होता. एक तर दिवसात पन्नास वेळा कापला की पुढे तो शून्य देतो. आणि दुसरं, दर दोन मिनिटांनी फोन हातात घेणार कोण?

"मंगलाताई, तुम्हाला दिवसात फोन कधी मिळतो?"

"सकायले अंगणवाडीमा जास, तठे नही. दुपारले एक ते दोन. मंग संध्याकाय स्वयंपाक. मंग झोपताना."

मी वही काढली. एकेकीला फोन केला. अठरा फोन, रात्री अकरापर्यंत. नंदा धुळ्याच्या बसवर कंडक्टर, तिला फोन मिळतो तो गाडी अमळनेरला थांबते तेव्हा. भडगावची सुशीला शिवणकाम करते, तिचा हात मोकळा पण फोन नवऱ्याचा, तो सकाळी साडेआठला घेऊन जातो, सातला आणतो. दोघी दादर कापायला मजुरीने जातात, खऱ्या दादरीत, तिथे मुकादम फोन काढू देत नाही. सुरतेवाली साड्यांना टिकल्या लावते, तिला नगावर पैसे. तिने विचारलं, "ताई, एकदा बोट लावायला किती सेकंद?"

वही भरली तेव्हा माझं कोष्टक निकामी झालं होतं. ताशी पॉइंट, ताशी पॉइंट. पण तास कोणाचा? कोष्टक बनवताना मी धरून चालले होते की तास खेळणाऱ्याच्या मालकीचा असतो. त्या अठरा जणींत एकीच्याही मालकीचा आख्खा तास नव्हता. सगळ्यात चांगलं पीक म्हणजे जास्त देणारं नव्हे. हात मोकळा होईल त्या वेळी पिकणारं. एवढी साधी गोष्ट.

मग सोपं झालं. रात्री झोपताना सगळ्यांनी कापूस लावायचा, तो पहाटेपर्यंत येतो. मंगलाने सकाळी नवाला बाजरी, एकला कापणी. नंदाने अमळनेर ते अमळनेर. सुशीलाने दिवसभर काहीच नाही, साडेआठच्या आत रात्रीचा कापूस कापायचा आणि साडेआठलाच पुन्हा पेरायचा. प्रत्येकीला तिच्या वेळेची एकच ओळ करून पाठवली. हात जुनाच. "नवाला पेरा, एकला कापा."

शेजारच्या खुर्चीवरचा जितूभाऊ दोन दिवस बघत होता. शेवटी म्हणाला, "ताई, हाई तिकीट शे का सालदारकी? वर्षाना करार करेल शे का तू?" सालदार म्हणजे वर्षाच्या करारावर राबणारा गडी.

"बंद नाही करणार मी ते."

"मंग लाल पट्टीना हार कर आन् घाल गयामा."

खोडं काढायला मात्र आक्का तयार होईनात. बाकीच्यांनी काढली. आक्कांची नऊ खोडं गुरुवार सकाळपर्यंत तशीच. मी फोन केला तर म्हणाल्या, "काढते. हात होत नाही व. चाळीस वर्सं झाली, पिलाआधी खोडाले हात नाही लावला." दुपारी बघितलं तर चौकोन मोकळे होते. बाजरी पेरलेली.

गुरुवार चांगला गेला. शुक्रवारही. शनिवारी रात्री हिशेब केला तर रविवारच्या दोन बाजऱ्या नीट निघाल्या की रेषा ओलांडून वर बरंच उरत होतं. रविवार सुट्टी, सगळ्या घरी, म्हणून मी रविवारी सगळ्यांना दोन-दोन बाजऱ्या दिल्या होत्या. माझीही सुट्टी होती. तरी मी ऑफिसात आले.

सकाळी नऊची बाजरी सहा जणींनीच पेरली. मी मेसेज टाकत राहिले. एक वाजता कापायला चौघी आल्या. दीड वाजता मंगलाला फोन लावला. मागे भांड्यांचा आवाज, माणसांचा गलबला.

"ताई, शेवटलं भरीत शे आज! वांगासना मोसम सरना ना. दीर, भाचा, त्यासना दोस्त, बठ्ठा मयामा बसेल शेतस. चाळीस मानूस. माले पुऱ्या तयाना शेत." मोसमातल्या शेवटच्या भरिताची पंगत मळ्यात बसली होती आणि चाळीस जणांच्या पुऱ्या तिला तळायच्या होत्या.

सुशीलाकडे पाहुणे. नंदाची सुट्टी होती, म्हणून आठवड्याचं धुणं. दुसरीकडे कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरी, तिसरीकडे सासूचा उपास सोडणं. मी वही मिटली. सुट्टी! कोणाची सुट्टी? मोर्चांत "बाईच्या कामाला मोल द्या" म्हणून बोंबलणारी मी, आणि रविवार मोकळा असतो असं धरून चालले. माझ्या घरी आई रविवारी काय करते, तेही मी कधी पाहिलं नव्हतं. रविवारी मी मोर्चात असायचे.

पाच वाजून दहा मिनिटांनी 'माहेर' एक हजार आठशे चाळीस पॉइंटनी खाली होतं. चार तासांचं पीक आता येणार नव्हतं. मुळ्याने भागणार नव्हतं. पन्नास मिनिटं उरली होती.

नऊ चौकोन दादर. नऊ गुणिले दोनशे चाळीस. दोन हजार एकशे साठ.

आकडा मला बुधवारपासून पाठ होता. तो तोंडातून काढायचा नाही असं ठरवलं होतं, कारण शुक्रवारी मंगलाने सांगितलं होतं ते कोणाचे चौकोन. विमलचे. आक्कांची धाकटी बहीण. मागच्या उन्हाळ्यात गेली. दवाखान्यात पडल्या पडल्या तिने ही दादर पेरली होती, आक्कांना म्हणाली होती, घरी येऊन कापते. गेमच्या जमिनीत पिकलेलं पीक सडत नाही, कोणी कापेपर्यंत उभं राहतं. तेव्हापासून ते उभं होतं. बंद पडलेल्या सदस्याचं पीक फक्त गटप्रमुखाला कापता येतं. गटप्रमुख आक्का.

बुधवारी मी त्याला फुकट उभं म्हटलं होतं.

मी फोन लावला नाही. गटाच्या चॅटमध्ये फक्त आकडा लिहिला. "अजून १८४० हवेत." सगळ्यांना गणित येत होतं. सव्वापाच. पाच वीस. मग सुरतेवालीने लिहिलं, "आक्का, तू म्हनशीन तसं." मंगलाने पुऱ्यांच्या हाताने पाठवला असावा असा एक तेलकट-तिरका फोटो पाठवला, त्यात काहीच दिसत नव्हतं.

पाच बत्तीसला आक्कांचा फोन.

"पोरी, कापलं तं तो चौकोन विमलचाच राहीन ना? का दुसऱ्याचा होईन?"

मी नियम उघडून बघितला. अंदाजाने उत्तर द्यायचं नाही एवढं त्या आठवड्यात शिकले होते. "विमलताईंचाच राहील. नाव तेच."

"बर."

मग त्या माझ्याशी नाही, स्वतःशी बोलल्यासारखं म्हणाल्या, "उभं पीक पाखरं खातात व. ती असती तं मले शिव्या घातल्या असत्या, अजून कापलं नाही म्हनून."

स्क्रीनवर एक चौकोन मोकळा झाला. मग दुसरा. घाई नव्हती त्यात. एकेक कणीस खुडावं तसं. नववा चौकोन पाच एकेचाळीसला रिकामा झाला आणि वरची लाल अक्षरं हिरवी झाली.

कोणी जल्लोष केला नाही. नंदाने लिहिलं, "झालं." मी हेडफोन काढला. खाली दुकानाचं शटर ओढल्याचा आवाज आला.

सोमवारी निखिल सरांनी रिपोर्ट मागितला, एका तिकिटाला पाच दिवस का. मी लिहिलं, "चुकीची माहिती दिल्याने." माहिती खरी होती हे लिहायला रकाना नव्हता. त्याच दिवशी आक्कांचं नवं तिकीट: विमलच्या चौकोनात काय लावू? मी कोष्टक न बघता उत्तर दिलं, तुम्हाला वाटेल ते, आता घाई नाही. त्यांनी केळी लावली. दोन दिवसांनी घड कापले आणि खोडं ठेवली. नऊच्या नऊ.

एप्रिलच्या अपडेटमध्ये पील आलं. सरांनी मीटिंगमध्ये सांगितलं की यामुळे लोक गेमवर जास्त वेळ थांबतील, आयडिया टीमची आहे. मला म्हणाले, "ती तुझी जुनी ओळ होती ना, ती परत टाक." टाकली. पण पील फक्त अपडेटनंतर लावलेल्या केळीला फुटतं. जुन्या खोडांना नाही. सॉफ्टवेअरला मागचं आठवत नाही.

आक्कांना मी फोन करून स्पष्ट सांगितलं. "ती खोडं काढा, नवी केळी लावा. या खोडांना कधीच फुटणार नाही."

"थांबते व," त्या म्हणाल्या. "जुनं खोड हाये, टाइम लागीन. बाकीच्या चौकोनांत लावते नवी."

ते तिकीट अजून उघडं आहे. लाल पट्टी आहे. जितूभाऊने त्यावर हार घालायचं बोलणं सोडून दिलंय.

कोणतं पीक सगळ्यात चांगलं, असं कोणी विचारलं तर मी आता आधी उलट विचारते, फोन तुमच्या हातात कधी असतो? रविवारचं वेगळं विचारते. आणि माहितीच्या डब्यात एखादी ओळ लिहायची असली की आधी ते पीक गेममध्ये लावून, कापून, वाट पाहून बघते. दोन ओळींना दोन दिवस जातात. निखिल सर म्हणतात, एवढं कोण वाचतं?

अठरा जणी वाचतात.